एकच खून, दोन रात्री : जुना आणि नवा डिटेक्टिव्ह पिक्चर गावात शेजारी ठेवून कसा पाहावा

जुन्या डिटेक्टिव्ह पिक्चरची नव्याशी तुलना निघाली की बोलणं दोन गोष्टींवर येऊन थांबतं. जुना संथ, नवा पळतो. जुना काळा-पांढरा, नवा रंगीत. हे फरक खरे आहेत, पण वरवरचे. मुख्य फरक माहितीच्या वाटपात असतो: खुनाबद्दलची कोणती गोष्ट हेराला आधी कळते, कोणती आपल्याला, आणि कोणती दोघांपासून शेवटपर्यंत राखून ठेवली जाते. हे वाटप नुसतं बघून हाती लागत नाही, मोजावं लागतं. गावच्या वाचनालयाला किंवा शाळेला समाजमंदिरात दोन-तीन रात्री काढून ते कसं मोजता येईल, त्याची ही रीत.

आधी जोडी जमवा

ज्वारीचा उतारा पऱ्हाटीच्या उताऱ्याशी कोणी कास्तकार ताडून पाहत नाही. पिक्चरचंही तसंच आहे. कथा एकच असेल तरच काळाचा फरक उघडा पडतो. कथा वेगळ्या असल्या तर फरक कथेचा की काळाचा, हे कधीच ठरत नाही. म्हणून एकाच कथेची जुनी आणि नवी आवृत्ती घ्या.

पहिल्यांदा करत असाल तर ‘इत्तेफाक’ घ्या. १९६९चा यश चोप्रांचा, २०१७चा अभय चोप्रांचा. दोन्ही हिंदी, दोन्ही पावणेदोन तासांच्या आसपास, त्यामुळे भाषेची आणि वेळेची अडचण येत नाही. जुना पिक्चर गुजराती नाटकावरून आला आहे आणि ते लगेच जाणवतं: एक घर, एक रात्र, बाहेर पाऊस, आणि एकही गाणं नाही. झाडीपट्टीत रात्ररात्र नाटक पाहणारा प्रेक्षक अशा एका घरातल्या खेळाला कंटाळत नाही, उलट पटकन आत शिरतो. नव्यात पोलीस अधिकारी दोघा संशयितांचे जबाब घेतो आणि दोन्ही जबाब पडद्यावर खरंच घडल्यासारखे दिसतात. तुलनेला याहून सोपी सुरुवात नाही.

दुसरी जोडी थोडी मेहनतीची, पण सर्वात कसदार: ॲगाथा ख्रिस्तींच्या १९३४च्या कादंबरीवरचा, आगगाडीतल्या खुनाचा ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’, १९७४चा सिडनी ल्युमेट यांचा आणि २०१७चा केनेथ ब्रॅना यांचा. खाली बहुतेक उदाहरणं याच जोडीतली आहेत.

मराठीच हवं असेल तर राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) आणि त्यावरून राज खोसलांनी केलेला ‘मेरा साया’ (१९६६). यांच्यात जुना-नवा असा काळाचा फरक नाही, म्हणून ही जोडी सरावापुरती धरा. कथा एकच असताना दोन दिग्दर्शक काय काय हलवतात, ते इथे चांगलं दिसतं.

‘आधुनिक’ या शब्दाला मात्र जपून हात लावा. शेरलॉक होम्सला आजच्या काळात आणण्याची कल्पना आजची मुळीच नाही. बॅसिल रॅथबोन यांनी १९३९ ते १९४६ मध्ये होम्सचे १४ पिक्चर केले. पहिले दोन घोडागाडीच्या काळातले. १९४२पासूनच्या पिक्चरांत होम्स त्या वेळच्या चालू काळात आणला आहे, आणि त्यांतल्या पहिल्या काहींत तो नाझींच्या मागावर आहे. त्या प्रेक्षकाला तोच होम्स एकदम ताजा होता.

फळ्यावर चार रकाने

पडद्याच्या बाजूला, प्रेक्षकांकडे पाठ न करता लिहिता येईल अशा जागी शाळेचा फळा ठेवा. रकाने चार: वेळ, गोष्ट, हेराला कळली, आपल्याला कळली. लिहिणारा एकच असावा आणि त्याने पिक्चर आधी पाहिलेला असावा. नाहीतर तो गोष्टीत गुंततो आणि खडू हातातच राहतो. प्रत्येक नवी माहिती आली की तिची वेळ मिनिटांत लिहायची आणि ज्याला कळली त्याच्या रकान्यात खूण करायची. दोन तासांच्या पिक्चरला २५ ते ३० ओळी होतात. त्याहून जास्त झाल्या तर लिहिणारा माहिती आणि घटना यांची सरमिसळ करतो आहे. माणूस दारातून आत आला ही घटना. तो ओल्या पायांनी आला, ही माहिती.

‘ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये हा फळा पहिल्या दहा मिनिटांतच बोलायला लागतो. १९७४च्या पिक्चरची सुरुवात गाडीत होत नाही. आधी काही वर्षांपूर्वीच्या एका अपहरणाची हकिगत दिसते, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांसकट, जवळजवळ संवादांशिवाय. म्हणजे ख्रिस्तींचा हेर पॉयरो गाडीत बसायच्या आधीच किल्ली आपल्या हातात दिलेली आहे. ती कोणत्या कुलपाची, एवढंच माहीत नाही. २०१७चा पिक्चर जेरुसलेमला सुरू होतो. तिथे पॉयरो एक वेगळीच चोरी चारचौघांसमोर उलगडून दाखवतो. अपहरणाची गोष्ट आपल्याला पुढे गाडीत, तुकड्या-तुकड्याने कळते. एकच कादंबरी, पण पहिल्यात आपण हेराच्या एक पाऊल पुढे उभे आहोत आणि दुसऱ्यात त्याच्या मागे. पहिल्याची सुरुवात गुन्ह्याची ओळख करून देते, दुसऱ्याची माणसाची. नव्या काळातला हेर स्वतःच नायक झाला आहे, त्याला दुःख आहे, भूतकाळ आहे, ते सगळं या पहिल्या प्रसंगाच्या निवडीत दिसतं.

फळा भरत गेला की चार-पाच ठरावीक नमुने ओळखू येतात. ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) मध्ये सॅम स्पेड जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहे, त्यामुळे दोन्ही रकान्यांत खुणा बरोबरीने पडतात. हेराला जे दिसलं तेच आपल्याला. पण त्यावरून तो काय समजला, ते तो सांगत नाही. निशिकांत कामत यांच्या ‘दृश्यम’ (२०१५) मध्ये फळा उलटा होतो: गुन्हा कसा घडला ते आपण पाहिलेलं आहे, पोलिसांचा रकाना कोरा. आपण साक्षीदार उरत नाही, साथीदार होतो. मात्र हा उलटा फळा नव्यांनीच शोधला असं कोणी म्हणालं तर सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ (१९७४) लावा. खलनायक कोण, हे त्यांनी प्रेक्षकाला सुरुवातीलाच दाखवून टाकलं, त्यांच्या हेराला, फेलूदाला, नाही. कादंबरी मात्र रायांनी स्वतःच गुन्हेगार लपवून लिहिली होती.

तुरीचे दाणे

वेग डोळ्यांनी ठरवू नका. ‘लई फास्ट आहे’ हे मत झालं, माप नव्हे. दोन वाट्या आणि मूठभर तूर घ्या. पडद्यावरचं चित्र तुटून दुसरं लागलं की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. पाच मिनिटं झाली की दाणे मोजा. ३०० सेकंदांना दाण्यांच्या संख्येने भागा, एका शॉटची सरासरी लांबी निघते. ३० दाणे निघाले तर १० सेकंद, १०० निघाले तर ३ सेकंद.

इथे हमखास चूक होते ती अशी: कॅमेरा वळला किंवा पुढे सरकला तरी पोट्टे दाणा टाकतात. चित्र तुटायला हवं, हलणं पुरेसं नाही. म्हणून दोन जणांना वेगवेगळं मोजायला बसवा. फरक दहात एक दाण्यापेक्षा जास्त आला तर ती पाच मिनिटं पुन्हा लावा. दुसरी चूक म्हणजे जुन्यातला चौकशीचा प्रसंग आणि नव्यातली पळापळ समोरासमोर ठेवणं. चौकशीला चौकशी, पाठलागाला पाठलाग.

‘ओरिएंट एक्सप्रेस’च्या जुन्या आवृत्तीत इन्ग्रिड बर्गमन यांची चौकशी येते तेव्हा दाणे घेऊन बसलेल्यांकडे लक्ष ठेवा. हात वाटीवर थांबतो आणि थांबूनच राहतो. ल्युमेट यांनी तो प्रसंग जवळपास सगळा एकाच सलग शॉटमध्ये घेतला आहे. पॉयरो तिच्या मागेपुढे होतो, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हटत नाही. ती अडखळते, शब्द शोधते, नजर खाली टाकते, आणि चित्र तुटत नसल्यामुळे आपल्यालाही नजर वळवायला जागा उरत नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाकडे आपण असंच टक लावून बघतो. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. जुना पिक्चर संथ का असतो, याचं उत्तर इथे मिळतं: संशयिताचा चेहरा वाचायला प्रेक्षकाला वेळ दिलेला असतो. नव्यात तो वेळ कमी मिळतो आणि त्याची भरपाई दुसरीकडून होते. गाय रिची यांच्या २००९च्या होम्समध्ये मारामारीआधी हेराच्या डोक्यातला हिशोब संथ गतीने दाखवतात, मग तीच मारामारी झपाट्याने होते. विचार चेहऱ्यावर वाचायचा नाही, तो चित्र करून दाखवला जातो.

गाणी पळवू नका. ‘पाठलाग’मध्ये किंवा ‘बीस साल बाद’मध्ये (१९६२, होम्सच्या बास्करव्हिलच्या कथेवर बेतलेला) गाणं विसाव्यासाठी येत नाही. दूरवरून येणारा आवाज हाच तिथे हेरायचा धागा असतो, आणि तो पळवला तर फळ्यावरच्या दोन-तीन ओळी गायब होतात.

पुरावा आणि काळी माती

कोणाच्या वावरातून कोणाची बंडी गेली, हे ओल्या काळ्या मातीतल्या चाकोरीवरून आणि बैलाच्या खुरावरून सांगणारी माणसं आजही गावागावांत आहेत. अशा दोघा-तिघांना पुढच्या रांगेत बसवा. जुना हेर नेमकं त्यांचंच काम करतो: वस्तू हातात घेतो, वास घेतो, उलटून बघतो. नव्या पिक्चरातला पुरावा बहुतेक वेळा हातात धरता येत नाही. मोबाईलचं लोकेशन, सीसीटीव्ही, डीएनए. प्रत्येक पुराव्यापुढे फळ्यावर ‘ह’ (हातात धरता येणारा) किंवा ‘न’ (नोंदीतला) लिहा.

नोंदीतल्या पुराव्याने लेखकाची पंचाईत होते, हे लक्षात घेतलं तर नवे पिक्चर जास्त समजतात. एका फोनने जो प्रश्न सुटतो, तो दोन तास ताणायचा कसा? म्हणून एकतर फोन हरवतो, रेंज जाते, कथा जुन्या काळात नेतात, किंवा ‘दृश्यम’सारखं नोंदीलाच खोटं बोलायला लावतात. तिथे मोबाईल ट्रकमध्ये टाकला जातो आणि टॉवर प्रामाणिकपणे चुकीची दिशा दाखवत राहतो. १९३४च्या कादंबरीत गाडी बर्फात अडकवली होती, तोही मदत आणि बातमी तोडण्याचाच उपाय. मार्ग कोणता वापरला, ते प्रत्येक पिक्चरपुढे टिपून ठेवा.

शेवटाबद्दल जुन्या दिग्दर्शकाला दोष देण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. हॉलीवूडमध्ये १९३४पासून कडक अंमल सुरू झालेली आचारसंहिता १९६८पर्यंत होती आणि गुन्हेगार सुटलेला दाखवायला तिची मनाई होती. त्यामुळे त्या काळात ‘पकडला जाईल का’ हा प्रश्नच नसायचा, ‘कोण’ एवढाच असायचा. नव्या पिक्चरला दोन्ही प्रश्न खुले आहेत. शेवटांची तुलना करताना हा फरक बाजूला काढून मगच बोला.

पडदा, उजेड, आवाज

या तुलनेत सगळ्यात जास्त नुकसान सेटिंगने होतं. १९५३च्या आधीचे हॉलीवूडचे पिक्चर जवळजवळ चौरस चौकटीचे, १.३७ ला १ असे असतात. ८ फूट रुंद, साडेचार फूट उंच पडद्यावर ते ६ फूट २ इंचच रुंदी घेतात आणि दोन्ही बाजूंना ११-११ इंच काळं राहतं. ते तसंच राहू द्या. पडदा भरावा म्हणून कोणी ‘फुल’ दाबलं की चेहरे भाकरीसारखे पसरतात. ‘झूम’ दाबलं तर वरचा-खालचा भाग कापला जातो आणि टेबलावर ठेवलेला पुरावाच चौकटीबाहेर जातो. प्रोजेक्टरवर आणि प्लेअरवर दोन्हीकडे ‘ओरिजिनल’ ठेवा. २.३९ ला १ अशा रुंद चौकटीचा पिक्चर त्याच पडद्यावर ३ फूट ४ इंच उंच येतो. टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा, त्याने सिनेमा मालिकेसारखा दिसतो.

काळ्या-पांढऱ्यात उजेड-सावलीचा फरक ठळक असतो, म्हणून समाजमंदिराबाहेरचा दिवा थोडा आत आला तरी तो पिक्चर तग धरतो. नव्या पिक्चरातले रात्रीचे प्रसंग मंद उजेडात घेतलेले असतात आणि तेवढ्याशा उजेडात पार धुऊन निघतात. नवा पिक्चर ‘काहीच दिसत नाही’ म्हणून नापास होतो, तो बहुधा इथे. खिडक्यांना गोधड्या लावा, ग्रामपंचायतीला सांगून समोरचा खांबावरचा दिवा तेवढ्यापुरता बंद ठेवा. पडद्याला बिनजोड मांजरपाट ताणून बांधा आणि मागे काळं कापड लावा, म्हणजे मागचा उजेड पडद्यातून आत येत नाही. अंधार चांगला असेल तर २,५०० ते ३,००० लुमेनचा (लुमेन हे उजेडाचं माप) प्रोजेक्टर ८ फुटांना पुरतो. साध्या भिंगाला रुंदीच्या दीडपट, म्हणजे १२ फूट अंतर लागतं.

सावली समजावायला टॉर्च पुरे. दिवे घालवून एखाद्याच्या चेहऱ्यावर आधी समोरून, मग कडेने, मग हनुवटीखालून टॉर्च धरा. तोच माणूस तीन वेळा वेगळा दिसतो. मग पिक्चर थांबवून विचारा, इथे दिवा कुठे ठेवला आहे?

आवाजाची गडबड नव्या पिक्चरात होते. त्यांचा आवाज सहा वाहिन्यांत असतो, संवाद मधल्या वाहिनीत. दोनच स्पीकर असतील आणि प्लेअर ‘५.१’वर राहिला असेल तर पार्श्वसंगीत घुमतं आणि बोलणं पुसट होतं. प्लेअरमध्ये ‘स्टिरिओ’ निवडा. जुना एकवाहिनी आवाज एका चांगल्या स्पीकरवर स्वच्छ येतो. टिनाच्या छताखाली दोन्ही घुमतात. मागच्या भिंतीवर सतरंज्या टांगल्या की बराच फरक पडतो.

वीज जाणार हे धरूनच चला. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवावी, म्हणजे ९००. प्रोजेक्टर २५०, लॅपटॉप ५०, स्पीकर ६० वॉट. इन्व्हर्टरची गळती धरून साडेचारशे. हिशोब दोन तासांचा येतो, म्हणजे एका रात्री एकच पिक्चर. दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडला तर पंखा थांबून दिवा तापलेलाच राहतो आणि लवकर जातो, त्यामुळे तो सुरुवातीपासून इन्व्हर्टरवरच ठेवा.

इंग्रजी पिक्चरला मराठी सबटायटल स्वतः लिहिता येतात. दोन ओळींपेक्षा जास्त नको, सेकंदाला १२-१५ अक्षरांपेक्षा जास्त नको, आणि फाईल युटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. सबटायटल सुरुवातीपासून सारख्याच अंतराने मागे-पुढे असतील तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच ही बटणं ते सरकवतात. पण अंतर वाढत जात असेल तर फाईल सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीची आहे आणि तुमचा पिक्चर २४चा. दोन तासांत जवळपास पाच मिनिटांचा घोळ होतो. तिथे बटणं उपयोगाची नाहीत, फाईलच बदला. ‘ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये रुमालावर विणलेलं एक अक्षर येतं. ते आधीच फळ्यावर मोठं काढून ठेवा, अर्थ सांगू नका.

घरचं ओटीटीचं वर्गणीखातं किंवा डीव्हीडी घरापुरती असते, गावासमोर दाखवायला हक्कधारकाची परवानगी लागते. भारतात पिक्चरवरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, पण त्यातल्या कथेचे आणि संगीताचे हक्क वेगळे मोजले जातात, म्हणून जुन्यासाठीही विचारून घ्या. प्रमाणपत्र ‘ए’ असेल तर पोरांना बसवू नका.

थांबायचं कुठे

जुन्यात जागा ठरलेली असते: हेर सगळ्यांना एका खोलीत बोलावतो. दार लागलं की पिक्चर थांबवा, दिवे लावा, दहा मिनिटं द्या. प्रत्येकाने चिठ्ठीवर संशयिताचं नाव आणि फळ्यावरच्या कोणत्या ओळीवरून ते ठरवलं, तिचा क्रमांक लिहायचा. ओळ नसलेली चिठ्ठी धरायची नाही. नव्यात अशी खोली नसेल तर तीन चतुर्थांश वेळ झाली की थांबा.

पिक्चर आधीच पाहिलेला कोणीतरी असतोच आणि त्याला खुनी सांगायची घाई असते. त्याला रागावून उपयोग नाही. त्याच्या हाती दाण्यांची वाटी द्या. मोजताना बोलता येत नाही.

दुसरी आवृत्ती दुसऱ्या रात्री लावा. कथा आता सगळ्यांना माहीत असते, आणि म्हणूनच बघणं बदलतं: कोण, हे सोडून कसं, याकडे लक्ष जातं. पुढच्या वेळी दुसरी जोडी लावाल तेव्हा क्रम उलटा करून बघा, नवा आधी, जुना नंतर. जो पिक्चर दुसरा लागतो तो नेहमी थोडा फिका वाटतो, आणि हा दोष पिक्चरच्या माथी मारला जातो.

तिसऱ्या संध्याकाळी पूर्ण पिक्चर नको. दोन्हींची पहिली वीस-वीस मिनिटं पुन्हा लावा, फळा कोरा करून. आता खुनी माहीत आहे, तेव्हा फक्त त्याच्याकडे बघायचं. तो कुठे उभा आहे, कॅमेरा त्याच्यावर किती वेळ राहतो, तो कोणत्या प्रश्नाला उत्तर न देता दुसरंच बोलतो. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथांचे दहा नियम लिहिले, त्यातला एक असा की हेराला सापडलेला धागा वाचकासमोर तिथल्या तिथे ठेवला पाहिजे. शेवटी उलगड्यात जे जे धागे सांगितले, त्यांतले पहिल्या वीस मिनिटांत किती दाखवले होते, त्याच्या खुणा करा. एक आकडा जुन्याचा, एक नव्याचा. दोन्ही फळ्यावर शेजारी लिहा आणि फळा दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत पुसू नका.